म्हाळाचा भोपळा

गौरी-गणपती बुडाले की आमच्या घरात मारामारीचे दिवस सुरू व्हायचे. पाऊस सटकलेला असायचा, आणि ऊन असं की दोरीवरचं पातळ वाळून, इस्त्री होऊन, घडी घालूनच खाली यायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. महाप्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कारखान्याची बैठी क्वार्टर्स होती, त्यातलं शेवटचं घर आमचं. मागच्या दारी वीस पावलांचं परसू, मग कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे गवत, आणि गवतापलीकडे थेट डोंगर. परळचे नातेवाईक भेटले की कीव करत विचारायचे, "तिकडे करमतं का गं?" करमायला वेळ कुठे होता? आम्ही तिघं रोज कशाला ना कशाला मारत होतो.

सासूबाई मारायच्या खुरप्यानं. बागकाम म्हणजे फुलांना हळुवार पाणी घालणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या सासूबाईंना काकडीच्या वेलाखाली बसलेलं पाहायला हवं होतं. फुरसं दिसलं की त्या खुरप्याच्या एका फटक्यात त्याचे दोन करायच्या, आणि दोन्ही तुकडे वळवळत असतानाच अळूच्या बुंध्याशी पुरायच्या. "चांगलं खत होतं," म्हणायच्या. आमच्या अळूच्या पानाखाली दोन माणसं पावसात कोरडी उभी राहत, ती त्या खतामुळे.

आमचे हे मारायचे घुशी. कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे, पण सासरे गावी शिकारीला जायचे म्हणून आपल्याही रक्तात शिकार आहे अशी त्यांची समजूत. आमच्या भागातल्या घुशी एवढ्या माजलेल्या, की मांजरं त्यांना अंग चोरून वाट द्यायची. हे पहाऱ्याच्या दांडक्यानं त्यांची टाळकी फोडायचे आणि भिंतीवर ओळीनं मांडून ठेवायचे, शेजाऱ्यांनी बघावं म्हणून.

आणि मी मारायची टाके. दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर रिंग घेऊन बसायचं आणि भरायचं. त्या वर्षी सहा खुर्च्यांच्या टेबलाचा क्लॉथ भरत होते. आमच्याकडे टेबल नव्हतं, खुर्ची एक होती, तो भाग वेगळा. माझे टाके असे बारीक आणि घट्ट की मुंगीला पाय रोवायला फट सापडू नये. सुई बोटात इतक्यांदा घुसायची की त्या क्लॉथवरचे अर्धे गुलाब धाग्याचे होते आणि अर्धे माझे.

पण त्या वर्षी परसात खरा जीव अडकला होता तो एका भोपळ्यात.

सासरे जाऊन दोन वर्षं होत आली होती. पितृपंधरवड्यात त्यांचं पहिलंच म्हाळ घालायचं होतं. त्यांनी गावाहून येताना लाल भोपळ्याच्या सात बिया रुमालाच्या टोकाला बांधून आणल्या होत्या, आणि पेरायच्या आधीच गेले. त्या गाठीला सासूबाईंनी कोणाला हात लावू दिला नव्हता. जूनमध्ये त्यांनीच ती सोडली. सहा बिया घुशींनी आणि मुंग्यांनी खाल्ल्या. एक रुजली.

"त्यांच्या पानात त्यांचाच भोपळा वाढणार," सासूबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. "बाजारातला नाही. तो नसला तर मी पानच मांडणार नाही."

"आई, असं कसं? बाबा उपाशी राहतील."

"मग राहू देत. मीसुद्धा राहीन."

ह्यांचं तोंड पडलं. बापाचं पान मांडलं जाणार नाही म्हणजे काय, ते त्यांना पुरतं कळलं होतं. त्या दिवसापासून ते कामावर जाताना आणि आल्यावर आधी भोपळ्याकडे जायचे, मग माझ्याकडे.

म्हाळाला दहाएक दिवस उरले असताना एका सकाळी सासूबाईंची आरोळी आली. "अगो बाहेर ये! नागवलं मेल्यानं!"

परसात जणू कोणी नांगर फिरवून गेलं होतं. काकड्यांचा चिखल, सुरण उकरलेले, अळू पायाखाली तुडवलेलं. आणि त्यात खुरांचे ठसे, एकेक वाटीएवढा. रानडुक्कर! भोपळ्याचा वेल फाटून पडला होता. वेलाला आलेल्या चार भोपळ्यांपैकी तिघांची नुसती सालं उरली होती. चौथा धुण्याच्या दगडाआड होता म्हणून वाचला, पण त्याच्या देठाकडचा वेल एका सालीवर लोंबकळत होता.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी शेणमाती कालवली, वेलाच्या जखमेवर थापली, आणि पट्टी म्हणून माझ्या टेबलक्लॉथचा कोपरा टर्रकन फाडला. दोन गुलाब आणि एक पोपट गेला. मी तोंड उघडलं आणि त्यांच्या हातातलं खुरपं बघून मिटलं.

"मी त्याला मारणार," हे म्हणाले.

"कशानं? स्टोअर्सच्या पावत्यांनी?" मी विचारलं.

ते कामावर गेले आणि संध्याकाळी गॅसपाइपला टोक काढून भाला घेऊन आले. तो उचलायला दोन माणसं लागायची. एक ते, आणि दुसरं त्यांना धरायला.

आमच्या भिंतीपलीकडे तळवलीचा एक म्हातारा गवत कापायला यायचा. तरुणपणी त्यानं डुकरं मारली होती. किती, ते दर खेपेला वाढायचं. त्यानं भाला पाहिला आणि हसत हसत खाली बसला.

"सायब, या खांबानं डुकराला गुदगुल्या पन होनार नाय. वाघूर लावाय पायजे."

वाघूर म्हणजे डुकराचं जाळं, करंगळीएवढ्या दोरीचं, वाटेत आडवं लावायचं. म्हाताऱ्याकडे होतं, पण माळ्यावर उंदरांनी कुरतडून ठेवलं होतं.

"माजे डोले गेले आता," तो मला म्हणाला. "वयनी, तू सुईवाली हायस. भोकं तेवरी बुजव."

असं कोणी म्हणायची खोटी! ते जाळं दरवाजातून आत येईना म्हणून परसातच पसरलं, आणि मी दाभण घेऊन पाच दुपारी त्याच्यावर बसले. दाभण म्हणजे वीतभर लांब, गोणपाट शिवायची सुई. भोकं बुजवली. मग वाटलं, इतकी सैल घरं बरी दिसत नाहीत. एकेक घर आवळलं, दुहेरी गाठ मारली, काठाला काजटाका घातला. शेवटी दोरी संपली, तेव्हा हिरव्या रेशमाच्या आठ पदरांनी काम पुरं केलं. जाळं कसं उभं राहिलं! शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, हॉलला पडदा करा.

शिकार रविवारी सकाळी, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी. म्हाळ मंगळवारी. कायद्याचं काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असेल त्यांना आम्ही विचारलं नाही. म्हातारा गावातले चौघं आणि तीन कुत्रे घेऊन पहाटेच डोंगरावर गेला, वरून जनावर हाकलत आणायला. जाळं आमच्या भिंतीबाहेर ओढ्याच्या वाटेवर लावायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं. ह्यांनी ते दोन झाडांना असं आवळून बांधलं की बोट मारलं तर तबल्यासारखं वाजत होतं. मला अभिमान वाटला. आमच्यात जाळ्यातलं कळणारा एकमेव माणूस त्या वेळी डोंगरावर होता.

सासूबाई खुरपं बाजूला ठेवून भोपळ्याशेजारी बसल्या. मी पायरीवर रिंग घेऊन. दाभण शेवटचा हिरवा दोरा ओवलेलं तसंच मांडीवर पडलेलं. वरून डबे वाजायला लागले, कुत्रे भुंकायला लागले, आणि मग गवत फाटायला लागलं.

मी तो डुक्कर पाहिलाय. तो घोड्याएवढा होता असं मी म्हणत नाही. पण घोडा असता तर त्यानं ह्याला वाट दिली असती. ओढ्याच्या वाटेनं तो सुटला तो सरळ जाळ्यावर. जाळ्यानं त्याला आत घ्यायचं, गुंडाळायचं, अशी रीत. आमच्या जाळ्यानं त्याला झेललं, पोटभर ताणून घेतलं, आणि चेंडूसारखं परत फेकलं! तीन मण मांस हवेतून उलटं गेलं आणि पाठीवर आपटलं. उठलं तेव्हा त्याचा सगळ्या जगावर राग होता, आणि जगात सगळ्यात जवळ आमचे हे होते.

ह्यांनी भाला फेकला. तो भिंतीत घुसला. मग ह्यांनी भिंतीवरून उडी टाकली, आणि त्यांच्या मागून डुक्कर आला. त्यानं उडी टाकली नाही, भिंतीचा तेवढा भाग बरोबर घेऊन आला. पायरीपाशी त्यानं ह्यांना गाठलं. मान खाली घालून एक झटका. मांडी गुडघ्यापासून वर वीतभर उघडली, आणि रक्ताची चिळकांडी माझ्या टेबलक्लॉथवर उडाली. हे आडवे झाले. दुसऱ्या झटक्याला त्याचा सुळा पोटाच्या रोखानं येत होता.

मला काही सुचलं म्हणून मी ते केलं नाही. मांडीवर दाभण होतं, ते उचलून मी त्याच्या नाकाडात खुपसलं, नेढ्यापर्यंत. तो असा किंचाळला की ठाण्याला लोकांनी दारं लावली असतील. त्यानं मान झटकली, हिरवा दोरा माझ्या मनगटाला वेढलेला, आणि मी त्याच्याबरोबर परसातून फरफटत. कोपरं सोलली, तोंडात माती गेली. दोरा तुटेना. माझं रेशीम होतं ते!

"आये!" हे ओरडले. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी आईला अशी हाक मारली असावी.

डुक्कर मला तसाच ओढत पुन्हा ह्यांच्याकडे वळला. सासूबाई उभ्या राहिल्या. खुरपं कुठे तरी तुडवलं गेलं होतं. त्यांच्या हाताशी एकच जड वस्तू होती. मी मातीतून वर पाहत होते, म्हणून मला त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग देठ पिरगाळला, पट्टीबांधला वेल कडकन तुटला, आणि आठ-दहा शेराचा तो भोपळा त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून डुकराच्या टाळक्यात घातला.

आवाज मला अजून येतो. भोपळा फुटला. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर बसला, तोंडभर केशरी गर घेऊन. तेवढ्यात म्हातारा भिंतीच्या भगदाडातून आला आणि त्यानं आपला भाला खांद्यामागून आत घातला, आणि अंगाचा भार टाकून उभा राहिला. डुकराचे पाय बराच वेळ माती खणत होते. मग थांबले.

दवाखाना रविवारचा बंद, वाहन मिळायला तास तरी लागणार. ह्यांच्या मांडीतून रक्त थांबेना. मी चुलीवर पाणी उकळलं, सुई त्यात टाकली.

"हिरवा नको," हे पांढऱ्या ओठांनी म्हणाले. "लाल घे. शोभत नाही."

"गप पडा."

सासूबाईंनी त्यांचे खांदे दाबले, म्हाताऱ्यानं पाय. मी एकवीस टाके घातले, आणि ह्यांनी एकवीस शिव्या दिल्या, माझ्या माहेरच्या एकेका माणसाला एकेक. ठाण्याच्या डॉक्टरनं टाके पाहून विचारलं, कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात घातले? हे म्हणाले, घरी. त्याला ते वेदनेनं बरळतायत असं वाटलं.

तळवलीची रीत अशी, की पहिला वार ज्याचा, मागचा फरा त्याचा. म्हणजे मागची अख्खी तंगडी. म्हाताऱ्यानं डुकराच्या नाकाडातून दाभण उपसलं, हिरव्या दोऱ्यासकट वर धरलं आणि आपल्या माणसांना दाखवलं. "पयला वार वयनीचा हाय." कोणी वाद घातला नाही. तंगडी माझ्या पायरीवर आणून ठेवली. मग तो जाळं सोडायला गेला. त्यानं ते बोटांनी चाचपलं आणि मला बाजूला बोलावलं.

"वयनी, जालं सैल असतं. जनावर आत घुसतं, गुततं. तू तर बाज विनलीस." मग दबक्या आवाजात, "सायबाला नाय सांगत मी."

त्यानं साहेबांना सांगितलं नाही. पण सासूबाई तिथेच, चार हातांवर, मातीत बसल्या होत्या. भोपळ्याच्या फाका वेचत होत्या. रक्ताळलेल्या, केसाळ, चिखलानं भरलेल्या. एकेक तुकडा पदरात घेत होत्या, आणि बिया वेगळ्या, रुमालात.

मंगळवारी त्यांनी त्या फाका सात पाण्यांनी धुतल्या. चिमट्यानं डुकराचे केस काढले, सालात रुतलेलं हिरवं रेशीम काढलं. जिथे सुरीनं मातीचा डाग निघत होता तिथे काढला, निघत नव्हता तिथे तुकडाच टाकला. उरली ती एका वाडग्याची भाजी. हे पाय पसरून, भिंतीला टेकून बसले आणि बापाचं पान मांडलं. वडे, खीर, अळू, आणि मधोमध लाल भोपळ्याची भाजी.

म्हाळाला आमच्याकडे सामिष चालत नाही. फरा अंगणात वेगळ्या चुलीवर शिजत होता, शेजाऱ्यांसाठी. पण पान उचलायला मी वाकले, तर अळूच्या फतफत्याखाली मला काहीतरी काळपट, चरबीचं, व्यवस्थित झाकलेलं दिसलं. सासऱ्यांना डुकराचं मटण फार आवडायचं.

मी वर पाहिलं. सासूबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"काय बघतेस गो?"

"काही नाही, आई."

"मग मीपण जाळ्याचं काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या, आणि वाडग्यात उरलेली भोपळ्याची भाजी त्यांनी खरवडून पानात पुन्हा वाढली.