जीपच्या जाळीवरची माझ्या नावाची पाटी

मंडळी, आज लेकाबरोबर साताऱ्याहून सांगलीला निघालो. जुनी जीप त्यानं हौसेनं नवी करून घेतलीय. कराडच्या पुढं इंजिन तापलं. माझा जीव टांगणीला. थांबत थांबत कसंबसं सांगलीजवळचं कुपवाड गाठलं.

तिथल्या गॅरेजातल्या रशीद मिस्त्रीनं पुढच्या जाळीवरची पत्र्याची मोठी पाटी बोटानं वाजवली. तिच्यावर माझंच नाव!

"आवं आबा, रेडिएटरचा वारा तुमीच अडवलाय की!"

लेक पाटी काढू देईना. "मी हळू चालवीन," म्हणाला. शेवटी पाना घेऊन मीच काढली.

परत येताना इंजिन गार राहिलं. पाटी माझ्या मांडीवर होती. आता लेक ती मागच्या दाराला लावायची म्हणतोय. जाणकारांनी सांगा, तिथं काही तापणार नाही ना?