खानावळीच्या मागचा झरा

कॅसलरॉकला स्टेशनाजवळ आमची खानावळ होती. पुढं गोव्याची हद्द, आणि तिकडं तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. सामानाची तपासणी होईपर्यंत गाडी थांबून राहायची आणि उतारू आमच्याकडं जेवायला यायचे. बाबा गल्ल्यावर, आई चुलीशी आणि मी वाढायला. परकर सोडून मी नुकतीच साडी नेसू लागले होते.

भांडी घासायची मोरी मागच्या अंगाला होती. खरकटं, राखेचं पाणी, माशांचं धुवण, सगळं एका चरातून उतारावरच्या झाडीत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. खाली झरा होता, झऱ्यापलीकडं कुणब्यांची चार घरं होती. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तिथल्याच एक बाई आम्हाला जेवणाची केळीची पानं आणून द्यायच्या.

एका उन्हाळ्यात, ऐन जेवणाच्या गर्दीत, त्या बाई पुढच्या दारानं आत आल्या. एरवी कधी येत नसत. कमरेवरची कळशी त्यांनी सरळ जेवणाच्या बाकावर ठेवली.

बाबा म्हणाले, "मागनं ये की गं. गिऱ्हाइकं बसल्यात."

"मागनंच तर येतंय सगळं, सावकार."

त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. करडं पाणी, वर तेलाचा तवंग आणि फुगलेली दोन शितं. वास आमच्या मोरीचा होता. तो मला ओळखावा लागला नाही, रोज माझ्या हाताला यायचा.

"पोर ओकतंय, हागतंय. डोळं उघडत न्हाई," त्या म्हणाल्या.

"पाणी उताराला जाणारच," बाबा म्हणाले. "त्याला मी काय करू?"

कोट घातलेल्या एका गृहस्थांनी पान दुमडलं, पण हात धुवायला मोरीकडं जायचं की नाही ते त्यांना कळेना. ते तसेच उष्ट्या हातानं बाहेर पडले. बाकीचेही उठले. आई पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं पेला नाकाशी नेला, खाली ठेवला, आत गेली आणि चुलीत पाणी ओतलं. "आज जेवान न्हाई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आम्ही मायलेकी आमच्या विहिरीच्या पाण्याच्या घागरी घेऊन खाली उतरलो. पोर चटईवर पडलं होतं. आल्या माणसाला गूळपाणी द्यायची तिकडं रीत. बाईंनी गूळ हातावर ठेवला, पाण्यासाठी वळल्या आणि थांबल्या. घरात होतं ते आम्हीच आणलेलं पाणी. तो गूळ तोंडात तसाच धरून मी चढण चढले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुदळ हातात घेतली. आईच्या माहेरी, खानापूरकडं, मोरीला शोषखड्डा असायचा. ती सांगत गेली तसं ते खणत गेले. झऱ्याच्या उलट्या अंगाला खोल खड्डा घेतला. तळाला दगड, वर कोळशाचा चुरा, त्यावर वाळू. अलीकडं एक लहान खड्डा, चोथा आणि तेल अडायला. तो रोज उपसायचं काम माझं. कडेला आईनं केळी लावल्या. पोर बरं होईपर्यंत आम्ही रोज पाणी पोचवत होतो.

पावसाळ्यानं झरा धुऊन काढला. दिवाळीनंतर आई त्या बाईंना झऱ्यावर घेऊन गेली आणि त्यांच्यादेखत ओंजळभर पाणी प्यायली.

"बघ, पिले मी."

"व्हय, चांगलं झालंय," बाई म्हणाल्या. "तुमी पिया, अक्का."

आणि कळशी घेऊन त्या पलीकडच्या ओहोळाकडं चालू लागल्या. ओहोळ लांब होता, वाट चढाची होती. त्या चार घरांतल्या कुणी पुन्हा त्या झऱ्याचं पाणी भरलं नाही. भांडण नव्हतं. पानं येतच होती, चौकशी होत होती. पण डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका वाटेवर दिसल्या की बाबा गल्ल्यावरून उठून आत जायचे.

पुढं गोव्याकडं जाणारी गाडी बंद झाली आणि खानावळ थंडावली. आम्ही खानापूरला जायला निघालो, तेव्हा बाई मुलाला घेऊन निरोप द्यायला आल्या. मूल चांगलं धावत होतं. आईच्या डोळ्यांना पदर लागला.

"सावकार, येऊन जावा कधी," बाईंनी हाक दिली.

बाबा खाली वाकून ट्रंकेची दोरी आवळत राहिले. ती मघाशीच आवळून झाली होती.