केळुसकरसाहेबांनी मोकळी करून दिलेली जागा

दिगंबरराव केळुसकरसाहेबांना मी प्रथम पाहिले ते चिंचवडच्या आमच्या कारखान्यात, संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढताना. लेथवर अकरा वर्षे काढून मी तिथे ऑपरेटर म्हणून बदलून आलो होतो. साहेब पन्नास वर्षांचे होते आणि नवी आलेली युनिक्स प्रणाली वही घेऊन शिकत होते. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या कामांची यादी इतर देतीलच. त्या यादीत एक काम नसेल. ते गेले माझ्यामुळे, म्हणून मी लिहितो आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रे बंद करून पूजा होते. लेथ बंद करावा तसा मी संगणकही बंद केला, सरळ मेन स्विच खाली ओढून, आणि झेंडूची माळ घातली. त्याआधी त्याला स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवू द्यायचा असतो, हे साहेबांनी मला सांगितले होते. घाईत विसरलो. दसऱ्यानंतर पाहतो तर फायलींची नावे एकीकडे आणि मजकूर भलतीकडे.

दुरुस्तीचा प्रोग्राम प्रत्येक मोडक्या फायलीपाशी थांबून विचारी, काढून टाकू का? सरसकट 'हो' म्हटले असते तर तासाभरात सुटलो असतो. साहेब चार दिवस 'नाही' म्हणत बसले. बिननावाचा एकेक तुकडा छापून घेत आणि आकड्यांवरून तो कोणाचा ते ओळखत.

भट्टीखात्यातले शेखभाई दारात येऊन उभे राहिले. "साहेब, आठ महिन्यांचं रीडिंग हाय. भट्टीपुढं उभं राहून घेतलंय."

"तुमचं आधी," साहेब म्हणाले.

सापडलेले ठेवायला डिस्कवर जागा उरेना. एकच भाग तपासायचा राहिला होता, आणि त्यात साहेबांचा स्वतःचा प्रोग्राम होता. चाकण रस्त्यावरच्या छोट्या वर्कशॉपना गिअरच्या दात्यांचे गणित करून देणारा, तीन वर्षे खपून लिहिलेला. प्रती ठेवायच्या टेपा मोजक्याच, म्हणून आधी इतरांच्या फायली पाळीपाळीने उतरवायच्या असा त्यांचा शिरस्ता होता; भट्टीखात्याची पाळी अजून यायची होती. स्वतःची प्रत घ्यायची राहूनच गेली.

"त्याच्यावर उतरवा," ते म्हणाले.

"आणि तुमचं काम?"

"डोक्यात आहे माझ्या. उतरवा तुम्ही."

मी उतरवले. शेखभाईंचे रीडिंग पूर्ण मिळाले. अहवालात साहेबांनी लिहिले की यंत्र बंद करण्याची रीत आपणच लेखी लावली नव्हती. माझे नाव त्यात कुठेच नव्हते आणि माझी नोकरी राहिली.

तो प्रोग्राम पुन्हा झाला नाही. निवृत्तीच्या आठवड्यात मी विषय काढला, तेव्हा साहेब कोऱ्या कागदावर बराच वेळ पेन्सिल धरून बसले. मग म्हणाले, "पुसट झालंय हो सगळं." तेव्हाही त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यावर आणखी तीन वर्षे मिळोत. ती मला परत करता येत नाहीत.