आतली कडी

आमच्या खालच्या खोल्यांतली भाडेकरू सुनंदा घर सोडून गेली, तशी मी माझ्याजवळच्या किल्लीनं आत शिरले. आता हक्कच होता. पण खरं सांगू, ती राहत असतानाही मी अशीच जायची, 'मीच आहे गं' म्हणत. अलीकडे दार अडायचं. 'मावशी, लाकूड फुगलंय,' म्हणायची ती. आज दाराला आतून नवी कडी दिसली. आपण मायेनं जातो, हे आपलं आपणच ठरवलेलं असतं. पलीकडचं माणूस मात्र जेवतानाही दाराकडे कान लावून बसतं. तरी चिडून मी तिला फोन केलाच, "मला न विचारता कडी ठोकलीस?"

"राहू द्या ती, मावशी," सुनंदा म्हणाली. "पुढच्या बाईला लागेल."