पेशवाईतलं इंग्रजी

आमच्या गल्लीतल्या दर्जीचाचांना मी इंग्रजीत लबाड म्हणून लिहून दिलं आणि खाली झोकदार सही केली. भांडण नव्हतं, वैर नव्हतं. त्यांनी विश्वासानं कागद पुढे केला आणि मी त्याहून मोठ्या विश्वासानं त्यांना खड्ड्यात घातलं.

तीस सालानंतरची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. नोकरी नव्हती, पण इंग्रजी होतं. निदान गल्लीचा तसा समज होता, आणि तो मीच पसरवला होता. भद्रकालीच्या बाजूला कोणाकडे तार आली की मला बोलावणं येई. तार वाचण्याआधी मी दोनदा खाकरून घेई. तेवढ्या वेळात घरातल्या बायका भीतीनं अर्ध्या होत, याचं मला तेव्हा काही वाटत नसे. आता वाटतं.

चाचांचं दुकान गल्लीच्या वळणावर होतं. माझ्या वडिलांचा विटलेला कोट त्यांनी उसवून, आतली बाजू बाहेर करून मला असा बसवून दिला होता की वर्गात पोरांनी कापड कुठलं म्हणून विचारलं. एके दिवशी ते मशीन सोडून आमच्या ओट्यावर आले. देवळाली कॅम्पात नवी मेमसाहेब आली होती. तीन मुलींचे फ्रॉक, पडदे, साहेबाचे पायजमे. सगळं व्हरांड्यात बसून शिवायचं काम. तो एक बंगला मिळाला की शेजारची ओळ मिळते. पण शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय दर्ज्याला कोणी पायरी चढू देत नसे.

“चार ओळी लिहा बाबू,” चाचा म्हणाले. “माणूस शहाणा हाय, हात कसबी हाय, कुणाच्या बी मदतीला धावतो. बस्. खोटं काय लिहू नका.”

यात चूक व्हायला जागा कुठे होती? पण ‘गुड’ आणि ‘ऑनेस्ट’ लिहिणं म्हणजे मला टोपीशिवाय रस्त्यावर निघाल्यासारखं वाटे. शिवाय माझ्याकडे शब्दकोश होता. बुधवारच्या बाजारात, कॅम्पातल्या लिलावाच्या भंगारात सापडलेला. कातड्याच्या बांधणीचा, उशीएवढा जाड. पहिली पानं गळालेली, त्यामुळे साल कळत नव्हतं. छापणाराही बेफिकीर असावा, कारण ‘एस’च्या जागी जिकडे तिकडे ‘एफ’ पडला होता. ‘वाइज’ म्हणजे शहाणा, हा शब्द सरळ ‘वाइफ’ दिसे. मी पेन्सिलीनं त्याच्या चुका दुरुस्त करत असे. मॅट्रिकचा मुलगा, साहेबाच्या शब्दकोशाच्या चुका दुरुस्त करणारा!

त्या कोशातून मी तीन रत्नं काढली. शहाण्यासाठी ‘कनिंग’, कसबी हातासाठी ‘आर्टफुल’ आणि मदतीला धावणाऱ्यासाठी ‘ऑफिशियस’. कोशात तिन्ही शब्द चांगले म्हणून दिले होते. प्रत्येकाच्या आधी मी ‘मोस्ट’ घातला, हात आखडता घेतला नाही.

चाचांनी चिठ्ठी मेणकापडात गुंडाळली, मशीनचं डोकं सायकलला बांधलं आणि कॅम्पाकडे गेले. संध्याकाळी येताना लांबूनच घंटी वाजवत आले.

“काय लिवलंत बाबू! मेमसाहेब हसली, मग तिनं साहेबाला बोलावलं. साहेब असा हसला, असा हसला, डोळे पुसले त्यानं! ‘फनी, फनी’ म्हणाला.”

“आणि काम?”

“‘नंतर ये’ म्हणाले.”

मी गल्लीत छाती काढून फिरलो. चाचा मात्र दर दोन दिवसांनी जात राहिले, शेजारच्या बंगल्यांतही त्यांनी चिठ्ठी दाखवली. एकदा दुकानावरून जाताना मी सहज विचारलं, तर ते सुईत दोरा ओवत म्हणाले, “हसतात लय. काम नाय देत.” मी म्हटलं, “साहेब लोकांचं असंच असतं.” जणू रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चहा घेत होतो.

पुढे मनमाडला रेल्वेत कारकुनाची जागा निघाली. स्वतःच्या अर्जात मी अर्थातच तेच तीन शब्द घातले आणि शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“अर्ज कुठे करतो आहेस? रेल्वेत, की रेल्वे लुटणाऱ्या टोळीत?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“अरे गाढवा, कनिंग म्हणजे कावेबाज. आर्टफुल म्हणजे डावपेच लढवणारा. आणि ऑफिशियस म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. कुठून आणलंस हे?”

मी कोशाचं नाव काढलं, ‘एफ’ची तक्रारही सांगितली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. “तो ‘एस’च आहे रे, लांब शेपटाचा! जुन्या काळी तसा छापत. हे शब्द सरळ होते तेव्हा इथे पेशवाई होती. शब्द काय एका जागी बसतात? संस्कृतात ‘राग’ म्हणजे प्रेमसुद्धा. आज घरी जाऊन आईला सांग, तुझ्यावर माझा फार राग आहे. बघ जेवायला वाढते का.”

माझा अर्ज वेळेत बचावला. पण चाचांची चिठ्ठी महिनाभर बंगल्याबंगल्यांतून फिरत होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं, सलाम करून, प्रत्येकाला वाचायला दिली होती. तो सलाम माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चार दिवस मी वळण टाळून मागच्या बोळातून घरी गेलो. पाचव्या दिवशी मास्तरांकडून साधी चिठ्ठी लिहून घेतली: चांगलं शिवतो, वेळेवर येतो. ती घेऊन दुकानात गेलो.

“चाचा, ती चिठ्ठी द्या. ही दुसरी घ्या.”

“कशापायी? ती बघून लोक खूश होतात.”

मग सांगावंच लागलं. जमिनीकडे बघत सांगितलं. शब्द जुने होते, पूर्वी चांगले होते, आता वाईट झालेत, कोशाची चूक... चाचांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“म्हणजे मी घरोघर जाऊन सांगत होतो, मी लबाड हाय म्हणून?”

“हो.”

“सलाम करून?”

मी नवी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

“त्या मेमसाहेबनं परवा दुसरा दर्जी ठेवला,” ते म्हणाले. नवी चिठ्ठी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. मग शिवून ठेवलेला एक छोटा फ्रॉक खुंटीवरून काढून झटकला. “उद्यापासून हा दाखवीन. हा वाचायला कुणी लागत नाय.”

“चाचा, पूर्वी कनिंग म्हणजे खरंच शहाणा होता हो. शपथ.”

चाचांनी सुई दातांत धरली, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अंगातला कोट त्यांनीच उलटवलेला होता.

“असंल. तुमी बी लय शहाणे आहात, बाबू. आन् हे म्या जुन्या पुस्तकातनं काढलेलं नाय.”