सागाच्या दारावरची घरपट्टी

गल्लीतल्या सुताराला सगळे रंधाशेठ म्हणत. शेठ नुसता नावाचा. खिसे चाचपले तर खिळ्यांखेरीज काही निघायचं नाही. हात कसबी, पण जिभेला हाड नाही. गल्लीतली चौदाच्या चौदा दारं त्याच्या हातची, आणि हे ऐकवल्याशिवाय तो कुणाला पुढे जाऊ देत नसे.

त्या वर्षी नगरपालिकेनं घरांचं फेरमूल्यांकन काढलं. घराची किंमत नव्यानं ठरणार, तिच्यावर घरपट्टी बसणार. पाहणीला आलेल्या साहेबानं एका दारावर बोटं वाजवली. "लाकूड कसलं हो?"

रंधाशेठची छाती वीतभर फुगली. "अस्सल साग! आपण दुसऱ्या लाकडाला हातच लावत नाही, साहेब!"

साहेबानं लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी नोटिसा आल्या. गल्ली वरच्या दर्जात, घरपट्टी दुप्पट! गल्लीनं रंधाशेठचा असा उद्धार केला की विचारू नका. "तुझी बढाई आम्ही भरायची होय रे?" न्हावी ओरडला.

सुनावणीला सगळे कचेरीत जमले. एकेकानं उठून सांगितलं, "साधं लाकूड आहे, साहेब. वर नुसतं पॉलिश." तेरा घरं पुन्हा खालच्या दर्जात आली. उरली रंधाशेठच्या घरासमोरची शिंपीणमावशी. नवरा गेल्यापासून शिलाई मशीनवर घर ओढणारी. घरपट्टी वाढली तर मशीनची खोली भाड्यानं द्यावी लागणार होती.

"तुमचंही साधंच ना?" साहेबानं विचारलं.

"नाही बाई, खोटं कसं बोलू? माझं सागाचंच आहे. सागाचे पैसे मोजलेत मी."

"अहो मावशी, साधं म्हणा की!" न्हाव्यानं कोपर मारलं.

"तू गप रे!"

अठरा वर्षांपूर्वी साध्या लाकडाला सागाचा रंग चढवून रंधाशेठनं मावशीकडून सागाचा भाव घेतला होता. तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना तो उगाच आभाळाकडे बघायचा. आता साहेबाची लेखणी कागदावर टेकली.

"थांबा!" तो उठला. "तेही साधंच आहे. मावशींना मी फसवलंय."

साहेबानं पुन्हा पाहणीचा शेरा मारला, आणि आठवड्यात मावशीची पट्टी उतरली. पण त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर मावशी थांबली होती.

"का रे केलंस असं?"

"बायकोचं बाळंतपण अडलं होतं, मावशी. दवाखान्यात भरायला काही नव्हतं."

"मग मागायचे होतेस. मी नाही म्हटलं असतं का?"

'हो, नाहीच म्हटलं असतं,' असं तिनं म्हणायला हवं होतं, म्हणजे त्याला सोपं गेलं असतं. निदान चार शिव्या तरी हासडायच्या. पण मावशी पिशवी काखोटीला मारून पायऱ्या उतरून गेली, आणि रंधाशेठ न्हाव्यानं हाका मारेपर्यंत तिथंच उभा राहिला.