आधी तपासतो म्हणणारा डॉक्टर

आमच्या बीडकडं डॉक्टरनं 'कॅन्सर' म्हटलं की माणूस घाबरण्याआधी संशय घेतो. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही. ऊसतोडीच्या बायका पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या की 'पिशवी काढा, न्हाईतर कॅन्सर होईल' हे ठरलेलं. माझ्या मायची गर्भपिशवी अशीच गेली. तिशीही उलटली नव्हती तिची. जखम ओली असतानाच ती पुन्हा फडात मोळ्या उचलायला लागली.

म्हणून दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लघवी अडायला लागली, रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेट ग्रंथीचं पीएसए वाढलेलं आलं आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासायचा म्हटलं, तेव्हा दादा तडक उठून बाहेर आले.

"लई पाहिलेत असले. आज तुकडा म्हनतील, उद्या सगळंच काढतील."

मलाही तेच वाटत होतं. मी आत जाऊन भांडलो, "हा कॅन्सरच कशावरून?"

"आत्ता नाहीच सांगता येत," डॉक्टर म्हणाले. "वयानं ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला, तरी पीएसए वाढतं. म्हणून तर तुकडा तपासायचा."

इतकं सरळ कबूल करणारा डॉक्टर मला जास्तच बनेल वाटला. वर म्हणाले, वडिलांना निघाला तर मुलालाही धोका असतो, तुम्हीही पन्नाशीची वाट न बघता तपासून घ्या. म्हटलं, झालं, एका गिऱ्हाइकामागं दुसरं!

बाहेर बाकावर बसलेल्या मायला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे आदी तपासनार, मग काय ते सांगनार?"

"म्हणतोय तर तसंच."

ती दादांकडं वळली. "मग चला आत. मला कुनी तपासलं न्हवतं. नुस्तं भ्या दावलं आन् कापलं."

दादा तिच्यामागं आत गेले.

कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या आतच होता, पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्हींचं बरंवाईट समजावलं आणि घरी बोलून या म्हणाले. तरीही मी ते रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवलेच. त्यानंही तेच सांगितलं.

परतीच्या एसटीत माय रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाचता येत नाही. कागदावरून हात फिरवत म्हणाली, "ह्यांच्या अंगात काय हाय ते कळलं तरी. माझ्या पिशवीत काय व्हतं, ते कुनी पाहिलंच न्हाई बग."